नेटवर्क केबल कॅट ६ए की कॅट ६ हा वाद ठीक, पण आतली तार कशाची आहे?

घरात इंटरनेटसाठी नेटवर्क केबल टाकताना कॅट ६ ऐवजी तिच्याहून वरच्या दर्जाची कॅट ६ए घालावी, असा जो आग्रह या चर्चेत धरला गेला आहे, तो दुमजली घरासाठी मला अनावश्यक वाटतो. कॅट ६ केबलवर साधारण ५५ मीटरपर्यंत सेकंदाला १० गिगाबिटचा वेग मिळू शकतो, आणि घरातले अंतर सहसा त्याच्या निम्मेही नसते. शिवाय ६ए जाड असल्याने आधीच भिंतीत बुजवलेल्या पाइपांच्या वळणांतून ती ओढताना वायरमन मेटाकुटीला येतो.

मात्र तार कशाची, हा मुद्दा अजून कोणीच मांडलेला नाही. केबलच्या स्वस्त पेट्यांमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा दिलेली तार असते, जिला बाजारात सीसीए म्हणतात. तिचा विद्युतरोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, त्यामुळे केबलमधूनच वीज घेणाऱ्या उपकरणापर्यंत ती कमी पोहोचते. जळगावच्या आमच्या घरी गच्चीवरचे दोन कॅमेरे अशाच केबलमधून वीज घेत होते. दिवसा ते बिनतक्रार चालत, परंतु अंधार पडून त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले, की विजेची मागणी वाढून ते बंद पडत आणि पुन्हा सुरू होत. दोष कॅमेऱ्यांचा समजून आम्ही एक बदललाही, तो खर्च वायाच गेला. त्यातच तापमान १० अंशांनी वाढले, की तारेचा रोध सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरचे पाइप रात्रीही तापलेलेच असतात. खरेदीपूर्वी तारेचे टोक ब्लेडने खरवडून पाहावे; आत पांढरी चमक दिसली, तर पेटी तशीच परत करावी.