शब्दचर्चा : ‘पाठ करणे’, पारायण आणि आईची एक ओवी

सुदामानगरवाला (इंदूर)

गेल्या महिन्यात पुण्याच्या मामीचा फोन होता. बोलता बोलता मी म्हटलं, “हल्ली अंघोळ झाली की गीतेच्या पंधराव्या अध्यायाचा पाठ करतो.” तिला बरं वाटलं. काल परत फोन. “काय रे, झाला का पाठ?” म्हटलं, रोजच होतो की. “वीसच तर श्लोक. एवढ्या दिवसांत व्हायला हवे होते!” मग कळलं, तिला वाटत होतं मी अध्याय तोंडपाठ करतोय. आमच्या गल्लीत मंगळवारी सुंदरकांडाचा पाठ होतो, तो पोथी समोर ठेवून, ढोलकीवर. तिथे कुणी ‘झाला का पाठ’ असं विचारत नाही. चूक कुणाची, माझी की मामीची?

दुसरं, आईबद्दल. तिच्याकडे वडिलांच्या वेळची ज्ञानेश्वरी आहे. रोज उघडते, पण पुढे सरकतच नाही. एकाच ओवीवर तीन तीन दिवस. याला पाठ म्हणायचं, पारायण म्हणायचं, का नुसतं वाचन?

खोडरबर

चूक कुणाचीच नाही, पण मामींच्या कानातून एक ‘चा’ निसटला.

‘विष्णुसहस्रनामाचा पाठ केला’ म्हणजे म्हटलं. ‘विष्णुसहस्रनाम पाठ केलं’ म्हणजे तोंडपाठ केलं. क्रियापद बघा. पहिल्यात ‘केला’, कारण ते पाठाशी जुळतं. दुसऱ्यात ‘केलं’, ते सहस्रनामाशी जुळतं, आणि ‘पाठ करणे’ एकजीव होऊन बसतं. तुम्ही ‘अध्यायाचा पाठ’ म्हणालात, ते चोख मराठी आहे. हरिपाठ, नित्यपाठ हे शब्द त्याच घरचे. फक्त महाराष्ट्रात शाळेने या शब्दावर असा कब्जा केलाय की पाठ म्हटलं की पाढेच आठवतात. इंदुरात शेजारी हिंदी असल्यामुळे जुना अर्थ रोजच्या वापरात टिकला, एवढंच.

‘पाठांतर’ची गंमत तर त्याहून मोठी. संस्कृतात पाठान्तर म्हणजे दुसरा पाठ, म्हणजे एका प्रतीत एक शब्द आणि दुसरीत वेगळा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा लिहिलं, ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’. इथे घोकंपट्टीचा काही संबंध नाही. हातोहात नकला होताना शब्द बिघडले, ही तक्रार आहे. आणि शेवटी ‘ज्ञानेश्वरीपाठीं जो ओंवी करील मऱ्हाटी’ त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली, असा दमही भरलाय. तिथला ‘पाठ’ म्हणजे मूळ संहिता.

सराफ्यातली खोबरापट्टी

आणि ‘पाठ फिरवणे’तली पाठ? तीही यातलीच का?

खोडरबर

नाही हो. ती पृष्ठापासून आलेली, आणि स्त्रीलिंगी. तो पाठ, ती पाठ.

वाकडी मात्रा

पारायणाबद्दल मी लिहिते. पार + अयन, म्हणजे पलीकडच्या काठाला जाणं. आरंभापासून समाप्तीपर्यंत, मधलं काही न गाळता. शब्द फार जुना आहे. पाणिनीच्या एका सूत्रात (५.१.७२) पारायण, तुरायण, चांद्रायण अशी तिघं ओळीने येतात, आणि पारायण करणारा तो ‘पारायणिक’. चांद्रायण हे व्रत. त्याच्या पंगतीत बसवलंय म्हणजे पारायणालाही नेमाची चौकट पहिल्यापासून असणार, असं आपलं मला वाटतं. आपल्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह. हिंदीतही हा शब्द आहेच, रामचरितमानसाच्या छापील प्रतीत मधेमधे ‘मासपारायण’, ‘नवाह्नपारायण’ असे थांबे दिलेले असतात.

म्हणून आईंचं पारायण नव्हे. त्यांना काठाची घाईच नाही.

जाता जाता एक जुनं दुखणं. पत्रिकांवर ‘हरिभक्तपारायण’ छापतात. तिथे ‘परायण’ हवं. परायण म्हणजे ज्याचं सगळं जाणं त्याच एका ठिकाणी आहे असा. एका काना-मात्रेने महाराजांना थेट पलीकडच्या काठाला पोचवू नका! आमच्याकडच्या एका सप्ताहाच्या फलकावर मी हे खडूने दुरुस्त केलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी काना परत लावला.

सराफ्यातली खोबरापट्टी

माझी आजी ‘पोथी सोडली’ म्हणायची. लहानपणी वाटायचं, वाचणं सोडून दिलं. पुढे कळलं की रुमालाची गाठ सोडायची, म्हणजे वाचायला बसायचं. आणि गुंडाळून ठेवली की ती बासनात. एखादं काम ‘बासनात गुंडाळलं’ म्हणतो ते याच कापडामुळे ना?

वाकडी मात्रा

हो, पोथ्या आणि दप्तरं, दोन्ही बासनात बांधत. तसंच ‘पोथी लावणे’. चातुर्मासात पोथी लावली, म्हणजे नेमाने सुरू केली. आणि शास्त्रीबुवांनी पोथी लावून दिली, म्हणजे अर्थ लावून दिला. एकाच क्रियापदात नेमही आला आणि अर्थही. मला वाटतं आईंचा शब्द हाच.

सुदामानगरवाला (इंदूर)

आईला विचारलं. ती म्हणाली, “मी ओवी उकलते.”

आता नेमकं काय घडलं ते सांगतो. पंधराव्याची पहिलीच ओवी, ‘आतां हृदय हें आपुलें । चौफाळुनियां भलें । वरी बैसऊं पाउलें । श्रीगुरूचीं’. तिच्या प्रतीत अर्थ दिलाय, हृदयाचा चौरंग करून. तो तिला पटेना. लाकडाचा चौरंग हृदयाचा कसा होईल, म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी पोथी सोडली, रुमाल नेहमीसारखा चौघडी करून पाटावर टाकला, वर पोथी ठेवली आणि हात तसाच राहिला. “अरे, मी रोज करते तेच की हे!” मग चष्मा काढून बराच वेळ बसून राहिली. मी चहा ठेवला तो निवला.

खोडरबर

कोशाच्या अंगाने बोलायचं तर चौरंग हा रूढ अर्थ आहे आणि चौघडीला मी पुरावा देऊ शकत नाही. पण चौरंग आणला म्हणून हृदय काही करत नाही, रुमालाला मात्र स्वतः दुमडावं लागतं. ही उकल मी माझ्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलीय, ‘इंदूर’ असं खाली टाकून.

वाकडी मात्रा

नामदेवांच्या अभंगाचा शेवट सगळ्यांना तोंडपाठ असतो, ‘एक तरी ओवी अनुभवावी’. वाचावी नाही म्हटलेलं, पाठ करावी नाही. आणि संख्या बघा, नऊ हजारांच्या आसपास ओव्या असलेल्या ग्रंथाबद्दल ‘एक तरी’.

तुमच्या मामींना आता काय सांगणार?

सुदामानगरवाला (इंदूर)

सांगितलं आजच. “मामी, मी आता आईबरोबर ज्ञानेश्वरीचा पंधरावा लावलाय.”

“वा! कुठवर आलात?”

“दुसऱ्या ओवीवर.”

“असू दे, असू दे. हळूहळू होईल पाठ.”