मदत हवी आहे: युद्धकाळातली विलीज जीप – चासी एकाची, इंजिन दुसऱ्याचं. घ्यावी का? आणि सोबतच्या ट्रंकेचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातली एक जीप घ्यायचं जवळपास ठरलंय, पण गाडीवरच्या खुणांचा एकमेकींशी ताळमेळ बसत नाही, तिथे घोडं अडलंय. ज्यांनी अशी जीप स्वतः खोलून पुन्हा उभी केली आहे किंवा तिच्याशी संबंधित कागद-सामान जमवलं आहे, त्यांचा सल्ला हवा आहे.

विकणारे काका सज्जन आहेत. गाडी त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या जुन्या गाड्यांच्या विक्रीतून घेतलेली. "ही १९४२ ची, पहिल्या खेपेतली विलीज" हे घरात कायम बोललं गेलंय आणि ते अगदी मनापासून तेच सांगतात. किंमतही त्या हिशेबाने आहे.

मी पाहिलं ते असं. रेडिएटरच्या खाली, पुढच्या बंपरमागे हात घातला की आडवा मेंबर गोल पाइपचा लागतो. फोर्डने बनवलेल्या जीपीडब्ल्यूला तिथे उलट्या यू आकाराची पट्टी असते, म्हणजे चासी फोर्डची नाही. डाव्या चासीपट्टीच्या आतल्या अंगाला, बंपरच्या लगेच मागे, विलीजची क्रमांकाची छोटी पाटी रिव्हेटने बसवलेली असते. ती गायब आहे. पण रिव्हेटची भोकं आहेत आणि त्यांच्यामधल्या पाटीएवढ्या चौकोनात गंजाचे खड्डे आजूबाजूपेक्षा स्पष्ट कमी आहेत. बॅटरीच्या उजेडात तिरकं पाहिलं तर कडा दिसते. पाटी तिथे बराच काळ होती, नंतर निघाली, असं मला वाटतं.

इंजिन ब्लॉकवर मात्र उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या मागे, "जीपीडब्ल्यू" आणि पुढे क्रमांक ठोकलेला आहे. बॉडीच्या काही बोल्टांच्या डोक्यावर फोर्डचा वळणदार "एफ" आहे. मागे फाळका नाही, स्टेपनी मागच्या पत्र्यावर, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पुढची जाळी एकाच पत्र्यातून दाबून काढलेली, नऊ फटींची. हेडलाइटची फुलपाखरी नट ढिली करून दिवा मागे, इंजिनावर वळवता येतो. हे सगळं युद्धकाळाशी जुळतं.

खरी मेख डॅशबोर्डवरच्या पाटीत आहे. तिच्यावर क्रमांक १,१४,००० च्या घरातला आणि डिलिव्हरीची तारीख मात्र १९४४. पाटी चकचकीत, अक्षरं धारदार, स्क्रूसुद्धा नवे.

गाडीसोबत एक ट्रंक आहे. टीएम ९-८०३ ही देखभालीची पुस्तिका (फेब्रुवारी १९४४), कापडी गुंडाळीत नट-बोल्ट फिरवायचे पाने, ग्रीस गन, उठावात "२०-५-४४" लिहिलेला पेट्रोलचा कॅन, विक्रीच्या वेळचा एक पिवळा पडलेला कागद आणि एक फोटो. फोटोत हीच जीप म्हणतात ती उभी आहे आणि बॉनेटच्या कडेला २० ने सुरू होणारा लष्करी क्रमांक वाचता येतो. एका संग्राहकाने काकांकडे फक्त ट्रंक मागितली आहे. गाडीत त्याला रस नाही. काकांना वाटतं, सामान त्याला द्यावं आणि गाडी मला.

तर जाणकारांनी सांगावं: ही गाडी नेमकी काय आहे, मिश्र जीपला संग्रहात काही मान असतो का, आणि ट्रंकेसाठी मी हट्ट धरावा का?

प्रतिसाद

आधी पाटीबद्दल, कारण किंमत तिच्यावर उभी आहे.

विलीज एमबीचे (विलीजच्या युद्धकाळातल्या जीपचं हे मॉडेल) क्रमांक १,००,००१ पासून सुरू झाले. साधारण पहिल्या पंचवीस हजार जीपना जाडसर लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. पत्र्यातून दाबून काढलेली नऊ फटींची जाळी ही मुळात फोर्डची. ती हलकी आणि स्वस्त पडली, म्हणून १९४२ च्या सुरुवातीला विलीजनेही स्वीकारली. म्हणजे १,१४,००० ची गाडी पट्ट्यांच्या जाळीची असायला हवी, आणि १९४४ मध्ये तर ती कारखान्यातून निघूच शकत नाही. तोवर क्रमांक तीन लाखांकडे पोचले होते. पाटी तुमच्या जाळीशी जुळत नाही आणि स्वतःशीही जुळत नाही. अशा कोऱ्या पाट्या नव्या बनवून विकल्या जातात, त्यावर कुणीही काहीही ठोकू शकतं. वाईट हेतूच असेल असं नाही. अनेकांनी डॅशबोर्ड रिकामा दिसू नये म्हणून बसवल्या आहेत. पण पुरावा म्हणून तिची किंमत शून्य धरा.

आता इंजिन. फोर्डने जीप बनवली ती विलीजच्याच आराखड्यावर, आणि लष्कराची अटच होती की सुटे भाग अदलाबदल होण्याजोगे हवेत. १३४ घनइंची, ६० अश्वशक्तीचं ते चार सिलिंडरचं इंजिन दोन्हींत सारखंच बसतं. लष्करी दुरुस्ती केंद्रांत गाड्या घाऊक खोलल्या जायच्या आणि हाताला लागेल ते चांगलं इंजिन, चांगली बॉडी लावून बाहेर काढल्या जायच्या. युद्धातून वाचलेल्या जीपमध्ये अशी मिसळ सर्रास आढळते. ती लष्कराने केली असेल तर तो गाडीचा इतिहासच आहे, त्याला खोट म्हणू नये. प्रश्न एवढाच, ती कधी झाली? विक्रीच्या त्या कागदावर इंजिनाचा क्रमांक आहे का, ते पाहा.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. एक भर: गोल पाइपचा मेंबर युद्धानंतरच्या नागरी सीजे-२ए लाही होता. त्यामुळे त्याने फोर्ड वगळली जाते, सीजे-२ए नाही. बॉडी युद्धकाळातली आहे म्हणून चासीही तशीच, असं धरू नका. बॉडी नवीसुद्धा मिळते, फिलिपाइन्समध्ये अख्ख्या नव्या बॉडी बनतात. मागच्या चाकांचे हब पाहा, युद्धकाळातल्या जीपसारखे फुल फ्लोटिंग (गाडीचा भार फिरणाऱ्या दांड्यावर नाही, बाहेरच्या नळीवर) आहेत का? आणि गाडीच्या चालू नोंदणीवर कोणता क्रमांक आहे? तो गाडीवर कुठेतरी प्रत्यक्ष वाचता आला पाहिजे. नाहीतर पैसे देऊ नका, गाडी कितीही आवडली तरी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पुन्हा जाऊन पाहिलं.

हब फुल फ्लोटिंग आहेत, सहा बोल्टांची फ्लँज दिसते. नोंदणीवर इंजिनाचा क्रमांक आहे, चासीचा रकाना रिकामा. तो क्रमांक ब्लॉकवरच्याशी अंक न् अंक जुळतो.

आणि विक्रीचा कागद! घडीवर फाटलाय, शाई फिकी आहे, पण कागद खिडकीशी धरल्यावर बरंच वाचता आलं. इंजिनाचा तोच जीपीडब्ल्यू क्रमांक त्यावर आहे. गाडीचा क्रमांक वेगळ्या रकान्यात: २,६०,००० च्या घरातला, शेवटचा अंक घडीत गेलाय. पुढे "एमबी" स्पष्ट.

प्रतिसाद

वा! मग कोडं सुटलंच म्हणायचं. २,६०,००० च्या घरातली एमबी म्हणजे १९४३ ची विलीज. दाबलेली जाळी बरोबर, पाइपचा मेंबर बरोबर, आणि फोर्डचं इंजिन लष्कराच्याच ताब्यात असताना बसलेलं. "पहिल्या खेपेतली १९४२" ही गोष्ट सोडावी लागेल आणि भावही त्याप्रमाणे खाली यायला हवा. पण कागदाने सिद्ध होणारी १९४३ ची मिश्र जीप मी पाटीवर उभ्या असलेल्या १९४२ च्या आधी घेईन.

चासीवर नवी पाटी रिव्हेट करू नका. क्रमांकाचा एक अंक अंदाजाने घालणं म्हणजे नवा खोटेपणा, आणि बऱ्याच ठिकाणी कायद्यानेही गुन्हा. ती रिकामी भोकं तशीच राहू द्या.

प्रतिसाद

मी गाड्यांपेक्षा कागद जास्त जमवतो, म्हणून ट्रंकेबद्दल लिहितो.

कॅन, पाने आणि ग्रीस गन गेली तरी चालेल. कॅनवरच्या "२०-५-४४" चा अर्थ २० गेजचा पत्रा, ५ गॅलन, १९४४. तो स्वतःबद्दलच बोलतो, तुमच्या गाडीबद्दल नाही. पुस्तिकाही तशीच. ती विलीज आणि फोर्ड दोन्हींसाठी एकच होती आणि तिची पुनर्मुद्रणं पुष्कळ आहेत. भिंगाखाली छायाचित्रं पाहा. पुनर्मुद्रणात ठिपक्यांच्या दोन जाळ्या एकमेकींवर पडून लाटा दिसतात, बारीक भाग गढूळ होतात. पिनांजवळचा गंज कागदात मुरलेला असेल तर जुनी असण्याची शक्यता बरीच वाढते. अस्सल असली तरी पुन्हा मिळण्यासारखी वस्तू आहे.

विक्रीचा कागद आणि फोटो मात्र जाऊ देऊ नका. तुमच्या चासीवर क्रमांक नाही, डॅशची पाटी खोटी. गाडी कोण आहे हे सांगणारं जगात एवढंच उरलंय. त्या संग्राहकाच्या कपाटात ते दोन कागद शोभेची वस्तू होतील आणि तुमची गाडी बेवारस होईल. काकांना हे असंच सांगा, त्यांना पटेल. संग्राहकाला उत्तम स्कॅन द्या, बाकीचं सामान द्या, तोही नाराज होणार नाही.

जपणुकीचं: लॅमिनेशन कदापि नको, चिकटपट्टी नको. पीव्हीसीचे पारदर्शक पाऊच टाळा, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर झिरपतो आणि फोटो खराब होतो. पॉलिस्टरचं पाकीट, आम्लविरहित कागद, अंधारी कोरडी जागा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, शिक्के तिथेच असतात.

धागाकर्ता

मागे पेन्सिलीत एक तारीख आणि दोन आद्याक्षरं आहेत! हे मी पाहिलंच नसतं.

काकांशी बोललो. पाटी खोटी म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले की ती डागडुजी करणाऱ्याने लावून दिली होती, त्यांना वाटलं जुनीच घासून दिली. कागद आणि फोटो गाडीसोबत द्यायला तयार आहेत. किंमतीचं बोलणं चालू आहे. मला १९४३ ची गाडी जास्तच आवडायला लागली आहे, कारण तिच्याबद्दल मी सांगेन ते खरं असेल.

आता एक: बॉनेटवर रंगाचे बरेच थर आहेत. फोटोतला क्रमांक खाली सापडेल का?

प्रतिसाद

सापडू शकतो. कोरडं घासू नका आणि रंग काढायचं रसायन तर लावूच नका, ते सगळे थर एकदम घेऊन जातं. बॉनेटच्या बाजूला, फोटोत क्रमांक दिसतो तिथे, ६०० चा वॉटर पेपर, साबणाचं पाणी, हलका हात. थर बदलला की थांबा, पुसा, तिरक्या उजेडात फोटो घ्या, मग पुढे. नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या रंगांच्या कडा उमटतील. सुरुवातीच्या काळात हे आकडे फिकट निळसर रंगात असत, हिरव्यावर ते सहज निसटतात. पांढरे नंतरचे. मिळाला तर तेवढी पट्टी तशीच ठेवा, वरून नवा रंग मारू नका.

एक सावधगिरी: बॉनेटही बदलली जात. वरचा क्रमांक बॉनेटचा असतो, गाडीचा असेलच असं नाही. पण फोटोशी जुळला तर फोटोतली जीप आणि ही जीप यांच्यातला दुवा पक्का होतो. लष्करी क्रमांकांचे गट कंत्राटांनुसार दिलेले होते, त्यामुळे तो १९४३ च्या विलीजच्या गटात बसतो का हेही ताडता येईल.

प्रतिसाद

सगळे क्रमांकांत रमलेत, पत्र्याकडे कुणी पाहिलं का? बॉडीच्या तळाला खालून टोपीच्या आकाराचे आडवे चॅनेल असतात आणि कारखान्यातूनच त्यांत लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या असत. लाकूड पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून जातो. वरून तळ ठणठणीत दिसतो, खाली चॅनेल पापुद्र्यासारखा सुटतो. सीटखालची टाकी ज्या खोलगट भागात बसते तिथेही तेच. चुंबक घेऊन जा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. डाव्या चासीपट्टीवर स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास तडे किंवा जुनं वेल्डिंग दिसतं का ते बघा, तिथे ताण फार येतो.

धागाकर्ता

चुंबक सगळीकडे धरला, फक्त ड्रायव्हरच्या बाजूच्या पायठेवणीपाशी नाही. चॅनेल दोन ठिकाणी सुटले आहेत, आत काळं पडलेलं लाकूड हाताने निघतं. स्टिअरिंग बॉक्सच्या मागे एक जुनं वेल्डिंग आहे, नीटनेटकं, तडा नाही.

लाकूड पुन्हा घालावं की चॅनेल रिकामे ठेवून आतून मेण मारावं? मूळ पद्धत जपायची इच्छा आहे, पण पुन्हा तोच गंज नको.

प्रतिसाद

लाकूड घाला, पण टणक, पूर्ण वाळलेलं, सगळ्या बाजूंनी आणि विशेषतः कापलेल्या टोकांना सील केलेलं. चॅनेलला आतून प्रायमर, बसवल्यावर मेण. पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. जुन्या लाकडाचा एक तुकडा मापासाठी जपून ठेवा, फेकू नका. आणि सौद्याच्या कागदावर लिहून घ्या: चासीची पाटी नाही, डॅशची पाटी नवी आहे, विक्रीचा मूळ कागद आणि फोटो गाडीसोबत दिले. काकांची सही त्याखाली.