मदत हवी आहे : 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' (1933) ची मूळ आवाजातली प्रत

नमस्कार मंडळी,
बाबांसाठी या सिनेमाची मराठी सबटायटल्स करतेय. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, पण काउबॉयपटांचं वेड तसंच आहे.

मोनोग्राम या अमेरिकन चित्रपट कंपनीने वितरित केलेल्या 'लोन स्टार' मालिकेतला हा पहिला सिनेमा. कृष्णधवल, कमी खर्चातला, जेमतेम तासाभराचा. दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी, नायक जॉन वेन. 'स्टेजकोच' या सिनेमामुळे त्याचं नाव झालं ते 1939 मध्ये, म्हणजे हा त्याच्या पडत्या काळातला. गोष्ट पाण्याची आहे : एक धनदांडगा खोऱ्यातलं पाणी अडवतो आणि शेतकऱ्यांना नाडतो. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही!

अडचण अशी की मला मिळालेल्या प्रतीवर नंतर कुणीतरी सिंथेसायझरचं संगीत चढवलंय. वेन रिकाम्या रस्त्यावरून हळू आवाजात गाणं म्हणत प्रतिस्पर्ध्याकडे चालत जातो, तो प्रसंग शांततेतच अंगावर येतो. तिथेच नेमकी ढणढण सुरू होते आणि गाण्याचे शब्द बुडतात. (गाणारा आवाज वेनचा नाही, पण प्रसंग जमलाय.)

तर, जोडसंगीत नसलेली प्रत कुठे मिळेल? डीव्हीडी असली तरी चालेल. कुणाकडे संवाद उतरवून काढलेले असतील तर फारच बरं. शेवटच्या सुरुंगाच्या भागातली चार-पाच वाक्यं कितीदा ऐकली तरी लागत नाहीत. आणि 'शेरीफ', 'रँच' तसेच ठेवू की मराठी शब्द वापरू? बाबांच्या वाढदिवसाला दाखवायचाय.