मदत हवी आहे: टोमॅटोचं बूड काळं, मिरचीला बोकड्या, काकड्या गळतायत... उपटून टाकू का सगळं?

कुंडीकर:
नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणारे, आधीच सांगतो. अर्धवट माहिती दिली की चार जण तेच तेच विचारतात म्हणून सगळं एकदमच लिहितोय.

गच्चीवर १० लिटरच्या १४ ग्रो बॅगा आणि दोनतीन जुने रंगाचे डबे आहेत. सकाळी ८ ते दुपारी २ थेट ऊन, मग टाकीची सावली येते. ५ टोमॅटो, ४ मिरच्या, २ वांगी, २ काकडीचे वेल, १ दुधी, आणि जिथे बोटभर जागा दिसली तिथे मेथी आणि कोथिंबीर. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत साधारण समान.

सुरुवातीलाच एकदा तोंडावर पडलो होतो. पहिल्या खेपेच्या बिया सहाव्या दिवशी उगवल्या, मी जाम खुश, दिवसातून दोनदा पाणी मारायचो आणि वरून प्लॅस्टिक झाकून ठेवायचो की ऊब मिळेल. दहाव्या दिवशी बघतो तर रोपं मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडलेली, जणू कुणी चिमटीत धरून पिळलीयत. ३० मधली ४ उरली. दुसऱ्या खेपेला प्लॅस्टिक फेकलं, पाणी खालच्या ट्रेमधून दिलं, पहिल्या दिवसापासून उजेडात ठेवली, तर जवळपास सगळी जगली. पाच आठवड्यांनी बॅगेत लावली, टोमॅटो खालची पानं काढून खोल लावले आणि मग जे वाढलेत म्हणता, छातीपर्यंत आले, पानं काळपट हिरवी, घरातले पण बघायला यायला लागले. मी फोटो काढत सुटलो होतो. (नजर लागली असं आई म्हणते, तो मुद्दा सध्या बाजूला ठेवू.)

आता रडगाणं:

१) टोमॅटो. पहिल्या घोसात ७ धरले, त्यातल्या ५ ना देठाच्या उलट बाजूला, म्हणजे बुडाला, नाण्याएवढा तपकिरी काळा डाग. हाताला चामड्यासारखा लागतो, आत दबलेला. वास नाही, कापूस धरल्यासारखी बुरशी पण नाही. कॅल्शियम कमी असं वाचलं म्हणून २० अंड्यांची टरफलं चुरून घातली. मग कडुनिंबाचं तेल मारलं. मग बुरशीनाशक मारलं. ढिम्म फरक नाही, दुसऱ्या घोसात पण तेच.

२) मिरची. शेंड्याची पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झालीयत, नवीन पानं बारकी बारकी येतात.

३) काकडी करंगळीएवढी होते, पिवळी पडते, गळते. दुधीला दोन आठवडे नुसती फुलं, फळाचं नाव नाही.

४) वांग्यावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारके किडे. आणि त्यात भर म्हणजे काळ्या, पाठीवर केशरी ठिपके असलेल्या, सहा पायांच्या, सुसरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्यात. त्या रोज सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकतो, आत्तापर्यंत ४० तरी मारल्या असतील, पण मावा उलट वाढतोच आहे.

प्रश्न एवढाच की टोमॅटोचा रोग बाकी झाडांना लागायच्या आत पाचही उपटून टाकू का?

रानवट:
थांबा थांबा थांबा!! बाकीचं नंतर, आधी नंबर ४. अहो त्या लेडीबर्डच्या अळ्या आहेत, ढालकिड्याच्या. तो लाल ठिपकेवाला गोंडस किडा लहानपणी असाच भयाण दिसतो. त्या वांग्यावर मावा खायलाच आल्यात. तुम्ही रोज सकाळी उठून स्वतःचेच पहारेकरी बुडवून मारताय 😭

कुंडीकर:
काय सांगता!!! ४० मारल्या हो मी. बायकोला अभिमानाने दाखवल्या पण होत्या.

रानवट:
होतं असं, मी पण पहिल्या वर्षी मारल्यात, तेव्हा कुणी सांगायला नव्हतं. आता काय करायचं तर अळ्यांना हात लावायचा नाही. मावा जास्त असेल तिथे फक्त पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून मारा, अळ्या नसलेल्या फांद्यांवर. आणि बुंध्यावर मुंग्यांची रांग आहे का बघा. मावा गोड चिकट पाणी सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकतात. मुंग्यांचा बंदोबस्त केला की अर्धं काम झालं.

अर्धा_माळी:
टोमॅटोला एप्सम सॉल्ट टाका, एक चमचा लिटरला, माझ्या चुलतभावाचे टोमॅटो असे झालेले, टाकल्यावर गायब.

जुनी_खुरपी:
एप्सम सॉल्ट अजिबात नको. ते मॅग्नेशियम. मुळाशी मॅग्नेशियम वाढलं की कॅल्शियम घेणं आणखी अवघड होतं, म्हणजे दुखणं वाढेल. चुलतभावाचे बरे झाले असतील तर दुसऱ्या कशाने तरी झाले असतील, हे पहिल्या एकदोन घोसांनंतर पुष्कळदा आपोआप थांबतं आणि त्या आठवड्यात आपण जे टाकलेलं असतं त्याला श्रेय जातं.

कुंडीकर, उपटू नका. तुमच्या पोस्टमध्ये खत, तेल, बुरशीनाशक, टरफलं सगळं आहे, पाण्याबद्दल एक ओळ नाही. किती देता, कधी देता, आणि मधे खंड पडतो का? खरं खरं सांगा.

कुंडीकर:
ताई, सोमवार ते शुक्रवार ऑफिस, सकाळी घाईत प्रत्येक बॅगेला एक मग, लिटरभर असेल. कधी उशीर झाला तर राहतं. शनिवार रविवारी मात्र पाइप लावून खालून वाहीपर्यंत देतो, आठवड्याची भरपाई. मधे तीन दिवस बाहेरगावी होतो, आलो तर झाडं माना टाकून, पाणी दिल्यावर दोन तासात उभी राहिली म्हणून विशेष काही वाटलं नाही. आणि खत म्हणाल तर दर रविवारी शेणाचं पाणी.

जुनी_खुरपी:
सापडलं मग. हा रोगच नाही, त्यामुळे पसरायचा प्रश्न नाही आणि बुरशीनाशक कितीही मारा, उपयोग शून्य.

कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढतं. पानातून पाणी उडत असतं म्हणून ओढा सगळा पानांकडे. फळातून फारसं उडत नाही, त्यामुळे फळाच्या वाट्याला आधीच कमी येतं, आणि बूड तर सगळ्यात शेवटी. पानात गेलेलं कॅल्शियम परत फळात येत नाही. आता ज्या दिवशी माती कोरडी, त्या दिवशी चढणंच बंद. तुमच्या त्या तीन दिवसांत जी फळं वाटाण्याएवढी होती त्यांचं बूड तेव्हाच बसलं, तुम्हाला डाग दिसला दोन आठवड्यांनी, आणि तुम्ही त्या आठवड्यात काय चुकलं ते शोधत बसलात.

शनिवार रविवारची भरपाई झाडाला कळत नाही हो. १० लिटरची बॅग, छातीएवढं झाड, कडक उन्हात ते दोन तीन लिटर सहज पितं. लिटरभर पाणी दुपारपर्यंत संपतं. खरं तर टोमॅटोला २० लिटर तरी हवी होती, आता मोठ्या झाडाची मुळं हलवू नका, पुढच्या वेळी.

शेणाचं पाणी महिनाभर बंद. पानं काळपट हिरवी आहेत म्हणालात ना, ती कौतुकाची गोष्ट नाही, नत्र जास्त झालंय. पानं माजतात आणि कॅल्शियम तीच खातात. टरफलं असू देत, त्रास नाही, पण ती विरघळायला महिने जातात. कोकोपीट धुऊन घेतलेलं का?

कुंडीकर:
धुवायचं असतं??

जुनी_खुरपी:
असतं. त्यात क्षार असतात आणि न धुता वापरलं की ते कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतं. असो, झालं ते झालं. डागाळलेली फळं काढून टाका, झाडाचा जीव त्यात जायला नको. खराब भाग कापून उरलेलं खाल्लं तरी चालतं. मातीवर तीन इंच वाळलेला पाला पसरा, बुंध्याला चिकटवू नका. पाणी सकाळ संध्याकाळ, आणि द्यायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओलं लागलं तर थांबा. रोप मेलं ते जास्त पाण्याने, फळ गेलं ते कमी पाण्याने, तुमचा हात अजून बसायचाय एवढंच.

पानाखाली:
मिरचीवर मी. पानं वर वळली, होडीसारखी, की बहुतेक फुलकिडे. खाली वळली, होडी पालथी घातल्यासारखी, की कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारका). दोन्हीला आपण बोकड्याच म्हणतो पण उपाय वेगळे. पांढरा कागद शेंड्याखाली धरून टिचक्या मारा, कागदावर सुताच्या तुकड्याएवढं पिवळसर काही सरपटलं तर फुलकिडे पक्के. लिटरला ५ मिली कडुनिंब तेल, थोडा साबण, उन्हं उतरल्यावर, पानाच्या खालून, आठवड्याने परत. आधी दोनचार पानांवर मारून एक दिवस थांबा. वांग्याकडे फवारा जाऊ देऊ नका, तिथे तुमचे पाहुणे आहेत. आणि पानावर पिवळे चट्टे असून झाड खुजं राहिलं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस असू शकतो, ते एक झाड मात्र उपटाच.

काकडीचं, मादी फुलामागे बारकी काकडी आधीपासूनच असते. परागीकरण झालं नाही की तीच पिवळी होऊन गळते. नर फूल तोडा, पाकळ्या सोला, मधला दांडा मादी फुलात फिरवा. सकाळी.

कुंडीकर:
मी बघतो तेव्हा काकडीची फुलं मिटलेलीच असतात, संध्याकाळी ७ ला गच्चीवर जातो मी.

पानाखाली:
मग सात वाजता दुधीकडे बघा, त्याची पांढरी फुलं संध्याकाळीच उमलतात, तुमच्यासारखीच ऑफिस सुटल्यावर. दोन आठवडे नुसती फुलं म्हणालात ती सगळी नर असणार, वेलावर आधी नरच येतात, घाबरू नका. फुलामागे बोटभर दुधी दिसला की ती मादी.

कुंडीकर (तीन आठवड्यांनी):
अपडेट द्यायला आलोय, लोक प्रश्न विचारून गायब होतात ते मला पण आवडत नाही.

पाला पसरला आणि बोट घालून बघायची सवय लावली. पहिल्याच दिवशी कळलं की वरून ओली दिसणारी माती दोन पेरं खाली भुकटी होती, मगभर पाणी कडेने सरळ खाली जात होतं. आता अर्धा मग, पाच मिनिटं थांबून परत अर्धा, मग उरलेलं. तिसऱ्या घोसात आधीच धरलेल्या ४ पैकी २ ना डाग होता, ती काढली. चौथ्या घोसात ६ च्या ६ स्वच्छ, रोज उलटी करून बुडं बघतोय. एका झाडाचं मात्र अजून जमेना, ते सगळ्यात कडेला, तापलेल्या भिंतीजवळ आहे, बहुतेक हलवतो.

मिरचीचा कागद केला, फुलकिडेच निघाले. तीन झाडांना नवीन पानं सरळ येतायत, चौथं पिवळ्या चट्ट्यांचं निघालं, काढलं. वाईट वाटलं, सगळ्यात आधी उगवलेलं ते.

काकडी २ धरल्या, पैकी एक आता वीतभर. त्यासाठी सकाळी दहा मिनिटं लवकर उठतोय.

आणि वांग्यावर ३ अळ्या दिसल्या, एक पानाला उलटी चिकटून केशरी कोष झालीय. तिच्यासाठी त्या फांदीला पाणी पण लांबून देतोय. मुंग्यांना अडवायला रंगाचे डबे पाण्याच्या थाळीत ठेवलेत.

आता नवीन. दुधीच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे गोल आलेत, बोटाने पुसले जातात. भुरी ना ही? पण मी तर पानं कोरडी ठेवतोय!

जुनी_खुरपी:
भुरीच. तिला बाकीच्या बुरशांसारखी ओली पानं लागत नाहीत, दाटी आणि सावली असली की पुरे. टाकीच्या बाजूची जुनी पानं काढा, वारा खेळू द्या. एक भाग दुधाला नऊ भाग पाणी, सकाळी उन्हात फवारा, आठवड्यातून एकदा. फार पसरली नसेल तर आटोक्यात येते.

कुंडीकर:
दुधीवर दूध. घरात हे कसं सांगू? साय काढून घेऊ का?

जुनी_खुरपी:
साय काढूनच, नाहीतर गच्चीवर आंबूस वास सुटेल. आणि कोष असलेल्या फांदीपासून लांब मारा.