८ बाय ५ फुटांची ग्राफिटी कॅनव्हास प्रिंट विकायची आहे (मालवण): किंमत, परवानगी आणि पाठवणीबद्दल मदत हवी

नमस्कार मंडळी,

मालवणला आमचं छोटं न्याहारी-निवास आहे. त्याच्या पडवीत एक कॅनव्हास प्रिंट लावलेली आहे, आठ फूट रुंद आणि पाच फूट उंच. मुंबईतल्या एका गोदामाच्या भिंतीवर स्प्रे पेंटने काढलेल्या म्युरलचा हा फोटो. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण आणि तिच्यामागे निळी-केशरी जाडजूड अक्षरं. २०१७ साली ससून डॉकवर भित्तिचित्रांचा मोठा प्रकल्प झाला, तो बघून आल्यापासून मला आणि भावाला या कलेचं वेड लागलं. प्रिंट आम्ही थेट चित्रकाराकडून घेतली. मागे त्यांची सही आहे, दहापैकी चौथी प्रत असा क्रमांक आहे, बिलही जपून ठेवलंय. ती भिंत पुढे पाडली गेली, म्हणून मला ही प्रिंट फार मोलाची वाटते.

आता पडवी बंद करून तिथे खोल्या काढतोय, आणि एवढी मोठी दुसरी भिंत घरात नाही. गुंडाळून माळ्यावर टाकायला जीव होत नाही. जो रोज बघेल त्याच्याकडेच ती जावी असं वाटतं.

अडचण किमतीची आहे. एका सजावटवाल्याने टेप लावून चाळीस चौरस फूट मोजले आणि फ्लेक्ससारखा दर सांगितला. सही आणि क्रमांक त्याने पाहिलेसुद्धा नाहीत. अशा प्रिंटची किंमत ठरवतात तरी कशी? विकण्याआधी चित्रकाराची परवानगी लागते का? आणि मुंबई-पुण्याला पाठवायची तर चौकटीसकट की गुंडाळून? मागच्या बाजूला खालच्या लाकडी पट्टीलगत पांढरट ठिपके आलेत, बोट फिरवलं की पूड निघते. पुढचे रंग मात्र स्वच्छ आहेत. पावसाळ्यात कापड सैल पडतं, पुढे थंडीत आपोआप ताणलं जातं.

प्रतिसाद (रत्नागिरी, फ्रेमिंगचं काम करतो)

ती पूड बुरशीची दिसते, पण खारं वारं आहे, तेव्हा मीठही असू शकतं. काहीही असलं तरी ओलं फडकं लावू नका. कोरड्या दिवशी बाहेर सावलीत ठेवा, नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशने झाडा. ब्लीच नको आणि थेट ऊनही नको, रंग उडतात. पट्टी आतून भुसभुशीत झाली असेल तर ती बदलावीच लागेल.

पाठवताना चौकट सोडवा. स्टेपल पिना एकेक करून काढायच्या, खेचायच्या नाहीत. छापील बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा. आत वळवली तर शाईचा थर चुरगळून भेगा पडतात. वर आधी बटर पेपर, मग बबल रॅप. बबल रॅप थेट छपाईवर आला की गोल वळ उठतात. हे सगळं दिवाळीनंतर करा, दमट हवेत गुंडाळलेलं कापड आतून कुबटतं.

प्रतिसाद

परवानगीबद्दल सांगतो. तुम्ही रीतसर घेतलेली ती एक प्रत विकायला चित्रकाराची परवानगी लागत नाही. पण तिच्यावरून नवी प्रत छापून विकता येणार नाही, ती भिंत रस्त्यावर होती म्हणून सूट मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पांचे फोटो काढायला सूट आहे, रंगवलेल्या चित्रांना तीच सूट गृहीत धरू नका. फेरविक्रीत कलाकाराला वाटा देणारं ५३अ हे कलम दहा हजारांपुढे विकल्या गेलेल्या मूळ चित्रांसाठी आहे, छापील प्रतीला लागू होत नाही. तरी चित्रकारांना एक फोन कराच. बाकी प्रती त्यांनी कितीला दिल्या ते कळेल, किंमत ठरवायला त्याहून भक्कम आधार नाही. कदाचित गिऱ्हाईकही तेच सुचवतील.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फोन आजच करतो. चौरस फुटाच्या भावाने देणार नाही, हे मात्र नक्की. जाहिरातीत पुढचा फोटो, सही-क्रमांकाचा जवळून फोटो आणि त्या ठिपक्यांचाही फोटो टाकेन, घेणाऱ्याला सगळं आधी कळू दे. कुडाळ किंवा कणकवलीपर्यंत टेंपोने मी स्वतः आणून देईन. आठ फुटी चौकट मोकळी करून पुन्हा नीट जोडणारं सिंधुदुर्गात कोणी असेल तर कृपया इथेच कळवा.