दुपारी मागच्या खोलीत वायफाय मरून राहिलं, राउटर बदलू काय?

काळीमाती:
नमस्कार मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यात. घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं. समोर टिनाची बैठक, मधे माजघर, मागे सांदवाडीला लागून स्लॅबची नवी खोली. फायबर बैठकीत आलं, राउटर तिथंच वर टिनाखाली ठोकलेला. सकाळी झकास चालते. बारा वाजले की मागच्या खोलीत बहिणीचं लेक्चर गोल गोल फिरत बसते. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राहिली, रोजची चिडचिड. संध्याकाळी पुन्हा बरं. दुकानवाला म्हणते चार अँटेनावाला घ्या. घेऊ काय?

लाईनगेली:
थांबा जी, पैसे घालू नका अजून. आधी दोष नेटचा की वायफायचा ते पाहा. दुपारी अडकलं की मोबाईल घेऊन राउटरखाली जा. तिथं पळत असेल तर कंपनीला फोन लावून काही फायदा नाही, भानगड घरातच आहे. तिथंही रडत असेल तर लॅपटॉपला लॅन केबल जोडून पाहा. केबलवरही तेच, तर मग तक्रार करा. एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नाही असं सांगणारा) लाल दिवा लागला असेल तर प्रश्नच मिटला, फायबर तुटलं किंवा मुरगळलं. ते घरी दुरुस्त होत नाही. बरेच जण फायबर खिळ्याला दोरीसारखं गुंडाळतात, तेवढं मात्र पाहून घ्या.

सावजीरस्सा:
माझा एकच प्रश्न. कूलर कुठं आहे?

काळीमाती:
बैठक आणि माजघराच्या मधल्या दारात. लोखंडी स्टँडवर, मोठा टिनाचा. राउटरचा प्लग पण त्याच बोर्डात आहे.

सावजीरस्सा:
मग सापडलं म्हणा! टिनाचा पत्रा सिग्नल परतवतो, टाकीतलं पाणी अन् ओली ताटी सिग्नल शोषतात. राउटर आणि बहिणीची खोली यांच्या मधोमध तुम्ही अशी भिंत उभी केली, ती पण नेमकी दुपारीच.
दुसरं, राउटरच्या कागदावर वाचा. बहुतेक घरगुती राउटर ० ते ४० अंशांत चालवायचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असते, टिनाखाली त्याहून जास्त. तापला की तो मंदावते, नाहीतर स्वतःच बंद-चालू होते.

वऱ्हाडीबाई:
उन्हावर सगळं खापर फोडू नका, भाऊ. तसं असतं तर आमच्या अख्ख्या गावाचं नेट दुपारी झोपलं असतं. मातीची जाड भिंत मोठी गोष्ट आहे. राउटर रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीत लवकर दम सोडतो. २.४ हळू, पण लांब जातो. दोघांचं नाव एकच असलं की मोबाईल मधेच ५ ला चिकटून बसते. सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या आणि मागच्या खोलीत २.४ च जोडा. २.४ चं चॅनल (पट्टीतली लेन म्हणा) १, ६ किंवा ११ ठेवा. शेजारी फार वायफाय नसेल तर कोणतंही चालेल, त्यात डोकं घालू नका.

काळीमाती:
करून पाह्यलं. दुपारी राउटरखालीच मोबाईलवर नेट अडखळते, केबलवर मात्र बरं आहे. राउटरला हात लावला तर चटका बसते. खाली उतरवून माजघराच्या भिंतीवर घेतला, प्लग वेगळ्या बोर्डात. आता बैठकीतही बरं आणि माजघरातही. मागच्या खोलीत २.४ वर लेक्चर चालते, पण व्हिडिओ कॉलवर आवाज तुटते. रिपीटर (सिग्नल पकडून पुढं फेकणारा डबा) लावू काय?

लाईनगेली:
नका लावू. साधा रिपीटर त्याच पट्टीवर घेतो आणि त्याच पट्टीवर देतो, वेग जवळपास अर्धा होतो. केबल टाका. चांगली कॅट-६ लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं घर त्यापुढे काय! मागच्या खोलीत एखादा जुना राउटर लावा. त्याचं डीएचसीपी (मोबाईल-लॅपटॉपला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आपोआप वाटायचं काम) बंद करा, आयपी मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या, केबल लॅन पोर्टात घाला. चार अँटेनाच्या राउटरहून स्वस्त पडते.

वऱ्हाडीबाई:
हे बरोबर. फक्त केबल सांदवाडीतून उघड्यावर नेऊ नका. पावसाआधीची वीज आपल्याकडे वाईट. तांब्याच्या तारेतून झटका आला तर दोन्ही राउटर जातात. कडाडायला लागलं की प्लग अन् केबल दोन्ही काढायचं.

काळीमाती:
माळ्यावरून नेतो मग. पण तिथं उंदीर लय आहेत. आणि लाईन गेली की दोन्ही राउटर मरतील, त्यासाठी काय घेऊ?

लाईनगेली:
केबल पीव्हीसी पाईपातून न्या, पाईपाची तोंडं सिमेंटनं बुजवा. लाईनसाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळते. विकत घ्यायच्या आधी दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, बहुतेक १२ असतात, पण ९ चेही राउटर पाह्यले आहेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. आणि तो यूपीएस टिनाखाली ठेवू नका, बॅटरीला गरमी राउटरपेक्षा जास्त झोंबते.