इंग्लंडच्या प्रांतिक खासगी बँकांच्या नोटा: संग्रहाची सुरुवात कशी करावी?

प्रश्न

नोकरीनिमित्त सॉमरसेटमध्ये राहतो. भारतीय नोटांचा छोटा संग्रह आहे. आता एकोणिसाव्या शतकातील इथल्या स्थानिक बँकांच्या नोटा जमवाव्यात असे मनात आहे. लिलावांच्या याद्यांत सही-क्रमांक नसलेल्या कोऱ्या नोटाही दिसतात आणि शिक्क्यांनी भरलेल्या, जीर्ण नोटाही. नवख्याने कोणत्या घ्याव्यात?

प्रतिसाद १

आधी प्रदेश ठरवा. १७०८ च्या कायद्यानुसार बँक ऑफ इंग्लंड सोडून सहापेक्षा अधिक भागीदारांच्या पेढीला नोटा काढता येत नसत. त्यामुळे गावोगावी लहान लहान पेढ्या निघाल्या, आणि त्या सगळ्या जमवू म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. आपण तर योग्य ठिकाणीच आहात. लँगपोर्टची स्टकी बँक आपल्याच परगण्यातली, आणि इंग्लंडमध्ये स्वतःच्या नोटा काढणारी अखेरची खासगी पेढी, वेलिंग्टनची फॉक्स, फाउलर आणि कंपनी, हीही तिथलीच. १९२१ मध्ये ती लॉइड्स बँकेत विलीन झाली तेव्हा तिचा तो हक्क संपला. (तिची नोट पहिल्याच खरेदीत घेण्याचा मोह मात्र टाळावा; खिसा बराच हलका होईल.)

शिक्क्यांच्या नोटा मला अधिक मोलाच्या वाटतात. सुस्थितीतील बँकेकडे नोट परत आली की ती रोख देऊन रद्द करी, तर बुडालेल्या बँकेची नोट धारकाच्या हातीच राही. १८२५ च्या डिसेंबरातील घबराटीत अनेक पेढ्यांचे दिवाळे निघाले, तेव्हा धारकांनी अशा नोटा दिवाळखोरीच्या कामकाजात हजर केल्या, आणि दाव्याची व नंतर मिळालेल्या वाट्याची नोंद नोटेच्या पाठीवर झाली. म्हणून यादीत पाठीचे छायाचित्र नसेल तर ते मागवून घ्यावे. मधोमध कापून पुन्हा जोडलेली नोट दिसली तरी लगेच नाकारू नये, कारण टपालातील चोरीच्या भीतीने नोटेचे दोन तुकडे वेगवेगळे पाठवण्याची रीतच होती.

प्रतिसाद २

वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, परंतु कोऱ्या नोटा अगदीच टाकाऊ मानू नयेत. अमेरिकेतून १८१९ मध्ये आलेल्या जेकब पर्किन्स यांच्या पोलादी ठशांच्या तंत्रामुळे छपाईत जी बारीक नक्षी शक्य झाली, ती न वापरलेल्या नोटेवरच नीट पाहता येते आणि अशा नोटा सहसा स्वस्तही मिळतात. धोका एवढाच की अशा कोऱ्या नोटेवर कोणी नंतर सही व तारीख भरून ती चलनातली म्हणून विकू शकतो. तेव्हा शाईकडे नीट पाहावे आणि नोट उजेडासमोर धरून दुरुस्तीचे कागद शोधावेत. साठवणीसाठी पीव्हीसीची पाकिटे नकोत, पॉलिएस्टरची घ्यावीत. इस्त्री वा लॅमिनेशन तर कदापि नको.

आणखी एक सोपी कसोटी सांगतो. इंग्लंड-वेल्समध्ये पाच पौंडांखालील नोटांचे चलन १८२९ मध्ये बंद झाले, त्यामुळे तेथील खासगी बँकेच्या एक पौंडाच्या नोटेवर त्यानंतरची तारीख दिसली तर पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे खुलासा मागावा. स्कॉटलंडला ही बंदी लागू नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवावे.